झोप उडाल्यापासून गोळी बंद होईपर्यंत : सरकारी मानसोपचार ओपीडीतला माझा अनुभव

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या कितीतरी शिक्षिकांनी मला बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली : नेमकं जायचं कुठे आणि तिथे गेल्यावर काय करतात? उपचार घ्यावेत की नाही, याबद्दल त्यांना शंका नव्हती. अडत होतं ते केसपेपर, रजा, गोळ्या आणि घरी काय सांगायचं यावर. प्रत्येकीला फोनवर अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदा सगळं क्रमाने लिहून ठेवावं असं वाटलं. मी नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आता कागदोपत्री अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. माझा उपचार जवळजवळ सगळा सरकारी दवाखान्यात झाला. त्यामुळे हे वाचून कुणाला डोंगराएवढा खर्च येईल या भीतीने थांबावं लागू नये, एवढीच इच्छा आहे.

जून २०२४ मध्ये शाळा सुरू झाली आणि माझी झोप मोडायला लागली. रात्री डोळा लागायचा, पण पहाटे तीनच्या सुमारास खाडकन जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत छातीत धडधड. सुरुवातीला वाटलं, कामाचा ताण आहे. यू-डायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती, पोषण आहाराच्या रोजच्या नोंदी, पायाभूत चाचणी, हे सगळं दोघींत वाटून घ्यायचं म्हणजे ताण असतोच. पण जुलै संपत आला तरी घास गिळवेना. वर्गात मूल समोर उभं राहून काही विचारायचं आणि त्याचा आवाज लांबून आल्यासारखा वाटायचा. रविवारीही बरं वाटत नव्हतं. माझ्या मते हीच खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ताण असेल तर सुट्टीत थोडा तरी सैल होतो. इथे सुट्टी असो, भाचीचा वाढदिवस असो, आवडतं कालवण पानात असो, कशानेच काही हलत नव्हतं. आणि हे दोन-चार दिवसांचं नव्हतं, आठवडेच्या आठवडे चाललं होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गावातल्या डॉक्टरांकडे गेले ते धडधडीसाठी. त्यांनी ईसीजी काढला, तो नीट आला. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व अशा तपासण्या लिहून दिल्या. सगळ्याचे मिळून साधारण दोन हजार रुपये गेले. माझ्या सगळ्या आजारपणातला हाच मोठा खर्च. आधी शरीर तपासून घेणं गरजेचं असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. थायरॉइड बिघडलं किंवा रक्त कमी झालं तरी असंच गळून गेल्यासारखं होतं, मन उदास राहतं. माझं थायरॉइड ठीक निघालं, पण हिमोग्लोबिन आणि बी-१२ दोन्ही कमी होते. लोहाच्या गोळ्या आणि बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली. पायऱ्या चढताना लागणारा दम कमी झाला, पण पहाटेची जाग आणि मनावरचं ओझं तसंच राहिलं. महिनाअखेरीस डॉक्टरांनी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या आणि म्हणाले, "मॅडम, आता मानसोपचारवाल्यांना दाखवा. उशीर नको."

ती चिठ्ठी घेऊन घरी आले तेव्हा पोट ढवळत होतं. यांना सांगितलं. हे थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, मी रजा टाकतो, सोबत येतो. सासूबाईंना कसं सांगायचं याची मला जास्त काळजी होती, कारण त्या आधीपासून म्हणत होत्या की मोहटादेवीला जाऊन ये, नजर लागली असेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "देवीलाही जा आणि दवाखान्यातही जा. दोन्ही कर, पण दवाखान्यात आधी जा." त्या एका वाक्याने माझं निम्मं अंग हलकं झालं. ज्यांच्या घरात देवधर्म आणि औषध यांची ओढाताण चाललेली असते, त्यांना मी हेच सांगते की दोन्हींत भांडण लावू नका.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी ३ सप्टेंबरला, आम्ही पहाटेच्या एसटीने नगरला, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात, गेलो. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माझं भाडं थोडकंच. सरकारी आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार मोफत झाले आहेत, त्यामुळे खिडकीवर काही द्यावं लागलं नाही. आधारकार्ड आणि मोबाइल नंबर एवढंच विचारलं. खिडकीवर "मानसोपचार" असं मोठ्याने म्हणायला जीभ रेटत नसेल तर गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करायची. ती वाचून ते बरोबर खोली क्रमांक लिहून देतात. जाताना सगळे रिपोर्ट, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, पाण्याची बाटली आणि डबा न्यावा. सकाळी नऊच्या आत पोचलं तर दुपारच्या गाडीने घरी परतता येतं. सोमवारी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी गर्दी जास्त असते.

खोलीबाहेरच्या बाकावर बसले तेव्हा पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता. कुणी ओळखीचं दिसलं तर काय, ही धास्ती. आणि दिसलंच. आमच्याच तालुक्यातल्या एक ताई मुलाला फिट येते म्हणून घेऊन आल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, शेजारी सरकून जागा दिली आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते सांगितलं. तू का आलीस, असं एका शब्दाने विचारलं नाही. त्या बाकावर विसरायला लागलेल्या आजींना घेऊन आलेला नातू होता, दारू सोडायला आलेला तिशीतला माणूस होता, तीन महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन बसलेली आणि सारखी डोळे पुसणारी एक मुलगी होती. माझ्या मनात मानसोपचाराच्या ओपीडीचं जे चित्र होतं, ते तिथे कुठेच दिसलं नाही.

आधी एका समाजसेविकेने बसवून घेतलं. झोप, भूक, घर, नोकरी, पूर्वीचं आजारपण, माहेरी कुणाला असं काही झालं होतं का, सगळं विचारून लिहून घेतलं. मग एक मराठी प्रश्नावली दिली. नऊ प्रश्न, प्रत्येकाचं उत्तर शून्य ते तीन. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं, एवढंच सांगायचं. पीएचक्यू-९ नावाची ही प्रश्नावली जगभर वापरतात. एकूण गुण सत्तावीस. माझे एकोणीस आले, म्हणजे मध्यम ते तीव्र यांच्या मधला गट. आकडा बघून मला धक्का बसला नाही, उलट सुटल्यासारखं झालं. इतके दिवस जे सांगता येत नव्हतं त्याला मापायची पट्टी आहे, हे कळलं.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर मॅडमनी तो पुन्हा तोंडी विचारला, अगदी सरळ : "झोपले आणि उठलेच नाही तर बरं, असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?" पहिल्याला मी हो म्हटलं, दुसऱ्याला नाही. त्यांनी मान डोलावली आणि यांना आत बोलावून सांगितलं की गोळ्या तुमच्याकडे ठेवा, शेतातली औषधं कुलपात ठेवा आणि रात्री बायकोला एकटं सोडू नका. शेतकरी घरात फवारणीची औषधं हाताशी असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. असा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात विचार भरत नाही. मला तर कुणीतरी विचारलं याचंच बरं वाटलं.

निदान सांगितलं ते नैराश्य आणि सोबत चिंता. एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी, पाच मिलिग्रॅम आठवडाभर, मग दहा. पहिल्या दोन आठवड्यांपुरती रात्री एक छोटी शांत करणारी गोळी. ती सवय लावणारी असते, म्हणून लवकर बंद करायची, हेही त्यांनी आधीच सांगितलं. गोळ्या दवाखान्यातल्या औषध खिडकीवरच मिळाल्या. माझ्या गोळ्यांची नावं वाचून कुणी स्वतःहून काही घेऊ नये, ही हात जोडून विनंती. डोस, वय, इतर आजार, गरोदरपण यावर सगळं बदलतं.

डॉक्टर मॅडमनी दोन गोष्टी कागदावर लिहून दिल्या होत्या, त्यांचा पुढे फार उपयोग झाला. एक, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फरक दिसायला सहा आठवडेही लागू शकतात. दोन, त्रास आधी येतो आणि गुण मागून येतो. तसंच झालं. पहिल्या आठवड्यात मळमळ, तोंडाला कोरड आणि एक विचित्र अस्वस्थता. जेवण झाल्यावर गोळी घ्यायला लागले तशी मळमळ कमी झाली. घरात गणपती बसले होते, आरतीला उभं राहवत नव्हतं. कागदावर लिहिलेलं नसतं तर गोळीच लागू पडत नाही असं समजून मी ती नक्की बंद केली असती.

त्याच आठवड्यात एका रात्री अडीचला उठून बसले. हे शेजारी जागे होते, पण यांना काय सांगावं सुचेना. समाजसेविकेने केसपेपरच्या कोपऱ्यात १४४१६ लिहून दिलं होतं. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, सुरुवातीला भाषा विचारतात आणि मराठी निवडता येते. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. कोणती गोळी, किती दिवस झाले, सोबत कोण आहे, जिवाला धोका वाटतोय का, असं विचारलं. मग माझ्याबरोबर फोनवरच श्वास मोजले : चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. श्वास सोडताना जास्त वेळ घ्यायचा, एवढंच तंत्र. फोन ठेवेपर्यंत हातांची थरथर थांबली होती. नाव सांगायची सक्ती नव्हती. हा नंबर मोबाइलमध्ये साठवून ठेवा, स्वतःसाठी नाही तर घरातल्या दुसऱ्या कुणासाठी.

१९ सप्टेंबरच्या फेरतपासणीला मी रजेबद्दल विचारलं. वर्गात उभं राहणं अवघड झालं होतं. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण रजेच्या भीतीनेच आपल्यातल्या कितीतरी जणी उपचाराला जात नाहीत. महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम १९८१ प्रमाणे वर्षाला वीस दिवस अर्धवेतनी रजा खात्यात जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून तीच परिवर्तित रजा म्हणून पूर्ण पगारावर घेता येते, फक्त खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. मी २३ सप्टेंबरपासून तीस दिवसांची घेतली, साठ दिवस वजा झाले. इतकी वर्षं ती रजा पडूनच होती. अर्ज मुख्याध्यापकांकडून केंद्रप्रमुख आणि तिथून गटशिक्षणाधिकारी असा जातो. सोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र, आणि परत रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढून एकीवर पोच घ्यावी.

नमुन्यात आजाराचं नाव लिहायची रिकामी जागा असते. डॉक्टर मॅडमनी पेन थांबवून विचारलं, "काय लिहू?" मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, हेही सांगितलं. मी म्हटलं, जे आहे तेच लिहा. शाळेत मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर तो कागद ठेवताना माझे कान तापले होते. त्यांनी वाचला, शिक्का मारला, आवक नंबर टाकला आणि म्हणाल्या, "तुमचा दुसरीचा वर्ग मी तिसरीबरोबर बसवते. वाचनाचा तक्ता कुठे ठेवलाय तेवढं सांगून जा." मला वाटतं याहून चांगलं उत्तर नसेल. प्रत्येकीला अशी वरिष्ठ मिळेल असं नाही, याची जाणीव आहे. खुलेपणाने लिहायचं की नाही, हे ज्याने त्याने आपली माणसं बघून ठरवावं.

रजेत समुपदेशन सुरू झालं. दवाखान्यातल्याच मानसशास्त्रज्ञ, दर पंधरवड्याला. पुण्यात माझ्या मावसबहिणीने खाजगीत याच कामाला तासाचे हजार-बाराशे मोजलेत. खाजगीत जायचं असेल तर समोरची व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेली चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे का, ते विचारावं. असं विचारण्यात उद्धटपणा नाही. गोळ्या लिहून देणारे मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले डॉक्टर असतात. मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत.

दवाखान्यातल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मला शंभर पानी वही आणायला सांगितली. पहिल्या आठवड्यात फक्त तासातासाचं लिहायचं : काय केलं आणि मन शून्य ते दहामध्ये कितीवर होतं. दुपारी पडून राहिलेल्या तासांपुढे दोन-तीन आकडे होते. सासूबाईंबरोबर कांद्याची रोपं निवडली त्या तासापुढे पाच. मला त्या वेळी आनंद झाल्याचं आठवतही नव्हतं, पण वहीत पाच लिहिलेलं होतं. त्यावरून त्यांनी पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक बनवलं. मूड येईल तेव्हा करू असं म्हणायचं नाही, वेळ झाली की करायचं. सकाळी अर्धा तास चालणं, रोज एका माणसाशी फोनवर बोलणं, संध्याकाळी हाताने करायचं एक काम. सुरुवातीला चालणं म्हणजे अंगणापासून मारुतीच्या देवळापर्यंत आणि परत.

पुढे विचारांची पानं आली. डावीकडे घटना, मध्ये मनात आलेलं वाक्य, उजवीकडे त्याचा पुरावा. माझं एक पान असं होतं : घटना, दुसरीतल्या एका मुलाला जोडाक्षरं वाचता येत नाहीत. वाक्य, माझ्यामुळे मुलांचं नुकसान होतंय. पुरावा लिहायला बसले आणि पेन अडलं. मग त्यांनी विचारलं, हा मुलगा किती दिवस शाळेत असतो? ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला मुलगा, दिवाळीनंतर चार-पाच महिने तो गावातच नसतो. वर्गातल्या बाकी मुलांचं काय? बहुतेक वाचत होती. "तर मग वाक्य दुरुस्त करून लिहा." मी लिहिलं, एका मुलाला जास्त मदत हवी आहे आणि तो गावी असेल तेव्हा ती मी देऊ शकते. हे वाचायला साधं वाटतं. पण पहाटे तीनला मनात जे वाक्य घोंघावत होतं ते कागदावर उतरवून तपासता येतं, हे शिकायला मला तीन-चार आठवडे लागले. हे तंत्र औषधाइतकंच कामाला आलं.

झोपेचे नियम वेगळे दिले होते. रात्री कितीही वेळ जागं राहिलं तरी सकाळी पावणेसहाला उठायचं. अंथरूण फक्त झोपेसाठी. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. दुपारी चारनंतर चहा नाही. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला. पहिले आठ दिवस जास्तच थकवा आला, मग ऑक्टोबरच्या मध्यावर एके दिवशी जाग आली तेव्हा पाच वाजून गेले होते. त्याच सुमारास दाळ-बट्टीचा वास आला आणि भूक लागली. नवरात्रात मोहटादेवीलाही जाऊन आलो.

२३ ऑक्टोबरला तंदुरुस्तीचा दाखला देऊन रुजू झाले आणि लगेच विधानसभा निवडणुकीच्या ड्युटीचा आदेश हातात आला. मतदान २० नोव्हेंबरला होतं. आदल्या रात्रीपासून केंद्रावर मुक्काम, पहाटेपासून यंत्रं तपासायची आणि रात्री उशिरा साहित्य जमा करायचं. झोप नुकती रुळावर येत होती. डॉक्टर मॅडमनी सध्या रात्रीचं जागरण नको असं लिहून दिलं. ते, केसपेपरच्या प्रती आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीचा दाखला जोडून तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत अर्ज दिला. निर्णय होईपर्यंत प्रशिक्षणाला जावंच लागतं, गैरहजर राहू नये, नाहीतर नोटीस येते. मी गेले, सही केली, बसले. दुसऱ्या प्रशिक्षणानंतर नाव वगळल्याचं कळलं. ते पंधरा दिवस मनाने जड गेले, पण वही सोबत होती.

पुढच्या तपासण्यांसाठी दर वेळी नगरला जावं लागलं नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी आमच्या ग्रामीण रुग्णालयात येतं, हे मला समाजसेविकेने सांगितलं. आपल्या तालुक्यात कोणता वार आहे ते ग्रामीण रुग्णालयात किंवा आशाताईंना विचारलं की कळतं. जानेवारी २०२५ मध्ये प्रश्नावलीचे गुण चारवर आले. मला वाटलं आता गोळी थांबेल, पण डॉक्टर मॅडम म्हणाल्या, बरं वाटायला लागल्यावरही सहा ते नऊ महिने तरी चालू ठेवायची, नाहीतर आजार उलटतो. या काळात कितीतरी जणांनी "अजून गोळ्या चालू आहेत का गं?" असं विचारलं. मी शांतपणे हो म्हणत राहिले.

ऑगस्टमध्ये डोस निम्मा झाला, मग एक दिवसाआड आणि दिवाळीआधी बंद. कमी करताना दोन-तीन दिवस गरगरलं, चिडचिड झाली. एकदम थांबवलं तर हेच जास्त होतं, म्हणून पायरीपायरीने. आता वहीच्या शेवटच्या पानावर यांच्यासाठी तीन ओळी लिहिल्या आहेत : सलग आठवडाभर पहाटे तीनची जाग, ताटात अन्न उरणं, फोन न उचलणं. यातल्या दोन दिसल्या तर मला न विचारता ग्रामीण रुग्णालयात घेऊन जायचं, आमच्याकडे पथक दुसऱ्या गुरुवारी असतं.